कोकणातील मनीऑर्डर अर्थव्यवस्था

मनीऑर्डर अर्थव्यवस्था : घरच्या कर्त्या माणसाने परगावी नोकरी करून धाडलेल्या रोख रकमेवर गावचा संसार, शेतीचा खर्च आणि देणीघेणी चालण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ही संज्ञा मुख्यतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि रायगडचा दक्षिण भाग यांच्यासंबंधी वापरतात. उत्तराखंडातील डोंगरी जिल्ह्यांनाही ती लावली जाते. विकसनशील देशांच्या अर्थशास्त्रात हा विषय श्रमिकांच्या स्थलांतराखाली येतो. शेतीतले जादा मनुष्यबळ हळूहळू उद्योगाकडे वळते, अशी मांडणी आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये केली. १९७० च्या हॅरिस–टोडारो प्रतिमानाने शहरात मिळू शकेल अशा मजुरीची अपेक्षा हे स्थलांतराचे कारण मानले. दोन्हींत घर सोडणारा माणूस एकटा दिसतो. ओडेड स्टार्क व डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये निर्णयाचे केंद्र कुटुंबाकडे नेले : एकाला शहरात धाडायचे, बाकीच्यांनी जमीन धरून ठेवायची आणि जोखीम वाटून घ्यायची. कोकणाचा अनुभव या मांडणीशी अधिक जुळतो.

या व्यवस्थेचा आरंभ कधी व कशामुळे झाला, यावर एकमत नाही. घर सोडून घाटावर जाण्याची चाल जुनी आहे. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेले बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे, आणि त्यांच्या मागोमाग किनाऱ्यावरची अनेक कुटुंबे पुण्याकडे गेली. पण ती बहुधा घरेच्या घरे उठून गेली, म्हणून त्या स्थलांतराला या व्यवस्थेची सुरुवात म्हणणे ताणून धरल्यासारखे होईल. एक मत असे, की माणूस बाहेर, कुटुंब गावात आणि ठरलेल्या वेळी येणारा पैसा हे तिन्ही एकत्र प्रथम दिसतात ते लष्करी नोकरीत. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरीतील मराठा व महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि निवृत्त सैनिकांची वस्ती दापोलीच्या छावणीभोवती वाढली (‘कॅम्प’ या शब्दावरून ‘काप दापोली’). सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबली तेव्हा दापोलीत राहणारे माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. त्यांच्या मागणीला मानाची बाजू होती तशी पोटाचीही होती. पलटणीचे दार बंद होणे म्हणजे गावात येणाऱ्या रोख पैशाचा झरा आटणे.

दुसरे मत खोती पद्धतीवर, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोताच्या सत्तेवर, बोट ठेवते (पहा : खोती पद्धत). भाताच्या पिकाचा निम्मा वाटा, म्हणजे अर्धेल, आणि वरकस (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतील) पिकाचा तिसरा, म्हणजे तिर्धेल, खोताच्या घरी गेल्यावर कुळाच्या कणगीत वर्षभराचे धान्य उरत नसे, वेठ वेगळीच. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी वर्षानुवर्षे संप चालवला. खोतीच्या जाचाविषयी त्यामुळे वाद नाही. तीच स्थलांतराचे एकमेव कारण होती असे मात्र म्हणवत नाही. महसुलाची घडी वेगळी असलेल्या सावंतवाडी संस्थानातूनही लोक मुंबईला गेले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. मुंबईची वाट चालूच राहिली.

तिसरे मत मुंबईच्या ओढीला महत्त्व देते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, पुढच्या दशकांत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, जयगड, हर्णै येथे बोट खोल पाण्यात उभी राही. पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि डेकवर पथारी टाकायची. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. पुढील जनगणनांत हा वाटा उतरत गेला. गिरण्यांना कामगार मिळवणे फारसे जड गेले नाही, असे आर्थिक इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांचे मत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी प्रश्न उलट बाजूने घातला : कामगार गावाशी नाते का तोडत नव्हता? बदली कामाचा (कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच मिळणाऱ्या कामाचा) भरवसा नाही, आजारपणात आधार नाही, तेव्हा गावची जमीन हाच त्याचा विमा होता. तिन्ही मते एकत्र वाचली तर पलटणीने वहिवाट घातली, खोतीने ढकलले आणि गिरणीने सामावून घेतले, हा क्रम सर्वांत ग्राह्य वाटतो.

व्यवस्थेला नाव देणारी मनीऑर्डर तशी उशिरा आली. सरकारी खजिन्यांमार्फत पैसे धाडण्याचे काम १८८० मध्ये टपाल खात्याकडे आले आणि पोस्टमन रोख रक्कम थेट दारात मोजून देऊ लागला. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोनचार ओळींची जागा असे. तेवढ्यात ‘पैसे मिळताच पोच देणे, पैकी अमुक वाण्याला, उरलेले बियाण्याला’ असा घरखर्चाचा आराखडा बसवायचा. घरात वाचता येणारे कोणी नसेल तर कुपनही पोस्टमनच वाचून दाखवी. पैसे घेणारीने साक्षीदारासमोर अंगठा उठवला की पोचपावती मुंबईला परत जाई. चाळीतल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला त्या शाईच्या अंगठ्यावरून घर ठीक असल्याचे कळे. अलीकडच्या दराने वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडे, म्हणजे शंभराला पाच. गरिबाच्या पैशावर हा भार थोडा नव्हता, म्हणून गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघालेल्या गाववाल्याच्या हातीही पैसे दिले जात. एकाच गावचे लोक एका गाळ्यात राहत आणि खानावळीत जेवत. नवा पोरगा आला की त्याला चिकटवण्याची खटपटही तेच करत.

अभ्यासात सर्वांत कमी जागा मिळाली ती उलट दिशेने गेलेल्या संपत्तीला. मुंबईहून पैसे आले ते मोजले गेले. गावाहून बोटीने गेलेला तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले आणि सुकी मासळी कोणत्या खात्यात धरायची? गिरणीची मजुरी एका माणसाच्या पोटापुरती ठेवता आली, कारण मुलांचे संगोपन, म्हाताऱ्यांची सेवा आणि आजारी पडून परतलेल्या कामगाराची शुश्रूषा गावातल्या बाईच्या अंगावर होती. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी तिचीच. नांगराला माणूस मिळाला नाही तर त्याची मजुरीही तिनेच उभी करायची. गावच्या शेतीने शहरातील भांडवलाला स्वस्त श्रम पुरवले, हा विचार समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांच्या लेखनात येतो आणि तो कोकणाला तंतोतंत लागू पडतो. ‘कोकण मनीऑर्डरवर जगते’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात मनीऑर्डरी थांबल्या. हजारो कामगार गावी परतले आणि त्यांना त्याच तुटपुंज्या भातखाचरांनी पोसले.

स्थलांतराची खूण लोकसंख्येत स्पष्ट उमटली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या, आणि २००१ नंतरच्या दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रकमांची माहिती तुलनेने विरळ आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) बाहेरगावी गेलेल्यांनी धाडलेल्या पैशाची चौकशी झाली, पण तिचा नमुना तालुक्यापर्यंत उतरेल एवढा मोठा नाही. केरळात १९९८ पासून स्थलांतराची सर्वेक्षणे ठरावीक काळाने होत आली. कोकणाला तशा सलग मालिकेची निकड आहे.

मुसलमान वस्त्यांमधील शाखा वेगळी वाढली. खेड, चिपळूण, म्हसळे, श्रीवर्धन भागातील पुरुष आधी जहाजांवर खलाशी होते, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला स्थायिक झाले. १९७० नंतर आखाती देशांचा पैसा आला.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे वरकस जमिनींवर हापूस व काजूच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. त्यांतही चाकरमान्यांची बचत मुरली आहे. टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली आणि रक्कम बँक व मोबाइलवरून येऊ लागली. रत्नागिरी–देवगड पट्ट्यातील आंबाबागांत आता राखणीला नेपाळहून आलेली माणसे राहतात, आणि हंगामाच्या कमाईतून तीही आपापल्या घरी पैसे धाडतात.