सोलर सेल अवकाशात नेऊन का टेस्ट करतात, थोडी पार्श्वभूमी

आमच्या खारघरच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय, तर एका काकांनी विचारलं की अवकाशात ना धूळ ना पाऊस, मग सॅटेलाइटची पॅनल्स जन्मभर टिकत असतील ना? तर नाही, उलट तिथेच जास्त हाल होतात.

1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेने सिलिकॉन सेल दाखवला, एफिशियन्सी जेमतेम 6 टक्के, तेव्हा जमिनीवर तो कुणाला परवडणार! पण मार्च 1958 मध्ये तो व्हॅनगार्ड-1 या अमेरिकन सॅटेलाइटवर बसून गेला, सॅटेलाइटचा बॅटरीवाला ट्रान्समीटर जूनमध्येच गप्प झाला आणि सोलरवाला 1964 पर्यंत चालला, विषय संपला. म्हणजे तसं वाटलं. जुलै 1962 मध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर साधारण 400 किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला (स्टारफिश प्राइम, काय सुचलं होतं देव जाणे), त्यातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून फिरत राहिले आणि ब्रिटनच्या एरियल-1 सकट काही सॅटेलाइट्सची पॅनल्स ढिली पडली. रेडिएशन सेलचं काय करतं ते सगळ्यांना फुकटात कळलं.

आता रेडिएशन लॅबमध्येही मारता येतं, पण वर ते एकटं येत नाही. कडक यूव्ही असतं, दर दीड तासाला एकदा तापून एकदा गारठायचं असतं आणि खालच्या कक्षेत सुटा ऑक्सिजन (एकेकटे अणू) असतो जो प्लास्टिक आणि चांदीच्या जोडण्या चक्क खातो. हे सगळं एकत्र खाली जमवणं अवघड, म्हणून सेल वरच नेऊन ठेवायचे. असे नमुने लावलेला नासाचा एलडीइएफ नावाचा बससारखा मोठा सांगाडा एप्रिल 1984 मध्ये सोडला, वर्षभरात आणायचा होता, पण स्पेस शटलचं वेळापत्रक लांबलं, मग चॅलेंजर शटलचा अपघात झाला, तो खाली आला जानेवारी 1990 मध्ये! उशिराचा फायदाच झाला म्हणा, पावणेसहा वर्षांची झीज एकदम बघायला मिळाली.

मला सगळ्यात आवडतो तो 2005 चा मिसे-5 हा प्रयोग, डब्यात बसवलेला. स्पेस स्टेशनच्या बाहेर नवीन प्रकारचे सेल लावले, ते तिथेच मोजले आणि रीडिंग्ज हॅम (हौशी) रेडिओवरून खाली पाठवली, पुढच्या वर्षी तो डबाही परत आणला, म्हणजे वरचे आकडे लॅबमध्ये ताडून बघता आले.

आपल्या इस्रोनेही पीएसएलव्ही रॉकेटची उरलेली चौथी स्टेज पोएम म्हणून 2022 पासून प्रयोगांसाठी वापरायला काढलीय. आता लक्ष पेरोव्स्काइट या नव्या सोलर सेल मटेरियलकडे आहे, ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत ते लवकर खराब होईल, वर ओलावाच नाही, पण ते तापणं-गारठणं मात्र आहेच.