न्यू ऑर्लीअन्समधील निवासी वस्त्या आणि घरांचे प्रकार

न्यू ऑर्लीअन्समधील निवासी वस्त्या आणि घरांचे प्रकार : अमेरिकेच्या दक्षिण भागातील लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेल्या या शहरात (लोकसंख्या ३,८३,९९७, २०२०) फ्रेंच, स्पॅनिश, कॅरिबियन, आफ्रिकी आणि अँग्लो-अमेरिकन बांधकामपरंपरा एकत्र येऊन घडलेले गृहप्रकार. क्रीओल कॉटेज, क्रीओल टाउनहाउस, दुहेरी गॅलरीचे (दोन्ही मजल्यांवर पुढे गॅलरी असलेले) घर, शॉटगन आणि कॅमलबॅक हे त्यांतील प्रमुख होत. क्रीओल म्हणजे फ्रेंच व स्पॅनिश अमदानीपासून येथे रुजलेला समाज. शॉटगन घराच्या उगमाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांचा परामर्श पुढे घेतला आहे.

भूमी : शहराची वाढ उंचसखलपणाने ठरवली. नदीने पुरांबरोबर आणलेला गाळ काठावर साचून नैसर्गिक बांध तयार झाला. तो नदीलगत उंच असून पाँचरट्रेन सरोवराच्या दिशेने उतरत दलदलीत मिळे. त्यामुळे विसाव्या शतकापर्यंत वस्ती मुख्यतः नदीकाठच्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्यातच राहिली. फ्रेंच अमदानीत मळ्यांची जमीन नदीच्या काठापासून मागच्या दलदलीपर्यंत जाणाऱ्या लांबट पट्ट्यांत वाटली होती. पुढे याच पट्ट्यांचे भूखंड पाडून ‘फोबूर’ म्हणजे उपनगरे वसवली गेली. आजचे कित्येक रस्ते जुन्या मळ्यांच्या हद्दींवरूनच जातात, आणि नदीच्या वळणावर ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले दिसतात. उत्तर-दक्षिण या दिशांचा येथे फारसा उपयोग होत नाही. स्थानिक लोक पत्ता सांगताना ‘नदीकडे’, ‘सरोवराकडे’, ‘प्रवाहाच्या वर’ आणि ‘प्रवाहाच्या खाली’ असेच म्हणतात.

वस्त्या : बियँव्हिल या फ्रेंच वसाहत-अधिकाऱ्याने १७१८ मध्ये शहराची स्थापना केली. १७२१ मध्ये पोझे या अभियंत्याने चौकोनी आळ्यांचा आराखडा आखला. तोच आजचा फ्रेंच क्वार्टर किंवा व्ह्यू कारे. नाव फ्रेंच असले तरी येथील इमारती बहुतांशी स्पॅनिश सत्ताकाळाच्या अखेरच्या किंवा त्यानंतरच्या आहेत. २१ मार्च १७८८ च्या आगीत ८५६ इमारती भस्मसात झाल्या, तर डिसेंबर १७९४ च्या आगीत आणखी दोनशेहून अधिक. त्यानंतर स्पॅनिश प्रशासनाने विटांच्या किंवा गिलावा केलेल्या भिंती आणि कौलारू छपरे यांवर भर दिला. फ्रेंच अमदानीतील अवशिष्ट वास्तूंमध्ये अर्सुलाइन कॉन्व्हेंट (ख्रिस्ती जोगिणींचा मठ, सु. १७५३) सर्वांत महत्त्वाची मानतात. ‘मॅडम जॉन्स लेगसी’ हे घर फ्रेंच वळणाचे असले, तरी ते १७८८ च्या आगीनंतर उभारलेले आहे. शैलीवरून काळ ठरवण्यातला धोका त्यावरून कळतो.

अमेरिकेने १८०३ मध्ये लुइझियाना विकत घेतल्यावर शहर झपाट्याने पसरले. प्रवाहाच्या खालच्या बाजूस बर्नार द मारिन्यी याने १८०५ च्या सुमारास आपल्या मळ्याचे भूखंड पाडले (फोबूर मारिन्यी). त्यामागील ट्रेमे हा भाग नगरपालिकेने १८१० मध्ये घेतला. या दोन्ही वस्त्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी, म्हणजे गुलामगिरीबाहेरच्या आफ्रिकी व मिश्र वंशाच्या लोकांनी, मोठ्या प्रमाणावर घरे घेतली व बांधली. इंग्रजी बोलणारे नवे रहिवासी कॅनल स्ट्रीटच्या पलीकडे वसले. या रस्त्यामधील रुंद दुभाजकाला ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणत. आज शहरातील प्रत्येक दुभाजकाला तेच नाव आहे. क्रीओल आणि अमेरिकन समाजांतील तेढीमुळे १८३६ ते १८५२ या काळात शहराच्या चक्क तीन स्वतंत्र नगरपालिका होत्या. मोठ्या बागांतील वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेला गार्डन डिस्ट्रिक्ट त्या वेळी लाफायेट या वेगळ्या शहरात होता. तो १८५२ मध्ये न्यू ऑर्लीअन्सला जोडला गेला. कॅरल्टनपर्यंतच्या वस्तीला १८३५ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गाने चालना दिली. त्याच मार्गावर आजची सेंट चार्ल्स ट्राम धावते.

घरांचे प्रकार : क्रीओल कॉटेज पदपथाला भिडून उभे असते. दोनावर दोन अशा चार खोल्या, मधे बोळ नाही, मागच्या कोपऱ्यांत दोन लहान खोल्या आणि त्यांच्यामधे उघडी पडवी, अशी त्याची मांडणी असते. छपराचे आढे रस्त्याला समांतर असते. भिंती पुष्कळदा लाकडी चौकटीत विटा भरून केलेल्या असत, कारण स्थानिक वीट मऊ असल्याने तिला आधार आणि गिलावा दोन्ही लागत. टाउनहाउसमध्ये तळमजल्यावर दुकान, वर बिऱ्हाड आणि बाजूच्या कमानीतून आतल्या चौकात जाणारी वाट असे. चौकामागच्या अरुंद इमारतीत स्वयंपाकघर आणि गुलामांच्या खोल्या असत. आज अनेक ठिकाणी याच खोल्या भाड्याने दिल्या जातात. त्यांचा मूळ उपयोग सांगितल्याशिवाय या चौकांच्या सौंदर्याचे वर्णन अपुरे राहते.

मराठीत गॅलरी आणि बाल्कनी हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. येथे मात्र भिंतीतून पुढे काढलेली ती बाल्कनी, आणि पदपथावर रोवलेल्या खांबांवर तोललेली ती गॅलरी. बिडाच्या नक्षीदार गॅलऱ्यांची लाट फ्रेंच क्वार्टरमधील पाँतालबा इमारतींपासून (१८४९–५१) आली. शहराची ओळख बनलेले हे जाळीकाम त्यामुळे फ्रेंच किंवा स्पॅनिश काळातले नसून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले आहे.

शॉटगन घर : एकच खोली रुंद (साधारण १२ ते १५ फूट) आणि तीन ते पाच खोल्या लांब, बोळाविना एकामागून एक जोडलेले घर. आढे रस्त्याला काटकोनात असते. मागच्या खोलीत जायचे तर पुढच्या सर्व खोल्या ओलांडाव्या लागतात. अशी दोन घरे एका सामाईक भिंतीने जोडली की ‘डबल’, आणि मागील भागावर दुसरा मजला चढवला की ‘कॅमलबॅक’. सायप्रसचे कुजण्यास चिवट लाकूड, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच विटांचे खांब, आणि १८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या नक्षीदार घोड्या (ब्रॅकेट) ही त्याची परिचित लक्षणे होत.

उगमाविषयी दोन मुख्य मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे हा आकार शहरातील अरुंद भूखंडांतून (रुंदी बहुधा सु. ३० फूट) आपोआप निघाला, किंवा क्रीओल कॉटेज उभे निम्मे करून तो मिळाला. रस्त्याकडील रुंदीवर कर असल्याने लोकांनी घरे अरुंद केली, ही कथाही वारंवार सांगितली जाते, पण तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. शिवाय भरपूर जागा असलेल्या ग्रामीण दक्षिणेतही, मळ्यांच्या आवारात, हीच घरे आढळतात. भूखंडाचे स्पष्टीकरण तेथे लागू पडत नाही.

दुसरे मत जॉन मायकेल व्लाच या अमेरिकन लोकसंस्कृती-अभ्यासकांनी १९७० च्या दशकात मांडले. हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स येथील घरांची मापे व मांडणी न्यू ऑर्लीअन्सच्या शॉटगन घरांशी जुळतात, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या मते पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचे दोन खोल्यांचे घर (साधारण १० × २० फूट) हैतीत गुलामांबरोबर पोहोचले, तेथे आरावाक या मूळ रहिवाशांच्या घरबांधणीशी व फ्रेंच सुतारकामाशी त्याचा मेळ झाला आणि निर्वासितांबरोबर ते लुइझियानात आले. ऐतिहासिक घटनाक्रम याला अनुकूल आहे. हैतीतील क्रांतीनंतर क्यूबात आश्रय घेतलेले ९,००० हून अधिक लोक १८०९–१० मध्ये न्यू ऑर्लीअन्सला आले. त्यांत २,७३१ गोरे, ३,१०२ स्वतंत्र कृष्णवर्णीय व ३,२२६ गुलाम होते. १८१० मध्ये शहराची लोकसंख्या १७,२४२ होती, यावरून या लोंढ्याचा भार समजतो. स्वतंत्र कृष्णवर्णीयांत गवंडी व सुतार पुष्कळ होते.

व्लाच यांच्या मांडणीतला हैतीचा दुवा सबळ वाटतो. त्यामागचा आफ्रिकेपर्यंतचा दुवा संभाव्य आहे, पण तेवढा सिद्ध नाही. आज उभी असलेली बहुसंख्य घरे १८५० नंतरची आहेत, आणि त्या काळात घर ठोक पद्धतीने बांधले जात असल्याने भूखंड, भाडे व हवा खेळती ठेवण्याची गरज यांनी त्याच्या प्रसाराला मदत केली असावी. उगम आणि प्रसार हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की मतांतील विरोध बराच कमी होतो. हा प्रकार केवळ ‘गरिबांचे स्वस्त घर’ म्हणून नोंदवण्याची जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. त्यात कृष्णवर्णीय कारागिरांचे श्रेय पुसले जाते.

नावाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. पुढच्या दारातून झाडलेली बंदुकीची गोळी कशालाही न लागता मागच्या दारातून बाहेर पडेल, ही लोकप्रिय व्युत्पत्ती. पश्चिम आफ्रिकेतील फोन भाषेतील ‘तो-गुन’ (जमण्याची जागा) या शब्दाचा अपभ्रंश, हे दुसरे अनुमान. नाव घरांच्या मानाने बरेच उशिरा रूढ झालेले असल्याने दुसऱ्या अनुमानाबाबत सावधगिरी बरी.

विसावे शतक व नंतर : अभियंते ए. बॉल्डविन वुड यांच्या शक्तिशाली पंपांमुळे (१९१३ पासून) दलदल उपसता आली आणि लेकव्ह्यू, जेंटिली या सखल भागांत बंगले उठले. निचरा झालेली जमीन खचली. दुसऱ्या महायुद्धानंतरची घरे तर खांब सोडून थेट जमिनीवरील काँक्रीटच्या जोत्यावर बांधली गेली. फ्रेंच क्वार्टरच्या रक्षणासाठी १९३० च्या दशकात आयोग नेमला गेला, पण ट्रेमेमधील क्लेबर्न अ‍ॅव्हेन्यूवरची ओक झाडांची रांग १९६० च्या दशकात उन्नत महामार्गासाठी तोडण्यात आली. २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळात बांध फुटून शहराचा सु. ८०% भाग पाण्याखाली गेला. नदीकाठचा जुना उंच पट्टा बव्हंशी वाचला. नव्या घरांत पुन्हा उंच खांब दिसू लागले असून, अनेक ‘डबल’ घरांची मधली भिंत काढून त्यांचे एकाच कुटुंबाचे घर करण्यात येत आहे.