ड्रॉइंग सेटअप (ऑटोकॅड)

संगणकावर आराखडे काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये पहिली रेषा मारण्याआधी एकक, मर्यादा, लेयर (पारदर्शक कागदांसारखे थर), अक्षरांची उंची आणि छपाईचा कागद ठरवून घेण्याच्या कामाला ड्रॉइंग सेटअप म्हणतात. ऑटोडेस्कने ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आणली. त्याआधी हे सगळे ड्रॉइंग बोर्डवर चाले: कागद चिकटवायचा, प्रमाण ठरवायचे आणि प्रत्येक माप त्या प्रमाणात लहान करून काढायचे. ऑटोकॅडमध्ये हा क्रम उलटा होतो. मॉडेल स्पेसमध्ये (चित्र काढण्याची जागा) वस्तू खऱ्या मापाने, म्हणजे १:१ काढतात; प्रमाण येते ते अगदी शेवटी, कागदावर मांडताना. बोर्डाची सवय असलेल्याचा हात नेमका इथेच अडखळतो. तो डोक्यात भागाकार करत बसतो आणि सगळी मापे चुकवतो.

नवी फाइल टेम्पलेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून उघडते. ‘अकॅड’ हे इंची टेम्पलेट, तर ‘अकॅडआयएसओ’ हे मिलिमीटरचे. त्यांच्या मूळ मर्यादा अनुक्रमे १२ × ९ आणि ४२० × २९७ असतात. दुसरा आकडा म्हणजे सरळ ए-३ कागद. निवड किरकोळ वाटते, पण तुटक रेषा आणि हॅच (आकारात भरायची रेघांची नक्षी) यांचे नमुने कोणत्या संचातून यायचे हेही तिच्यावर ठरते. दोन्ही संचांच्या मापांत २५.४ पटींचा फरक असतो. मेट्रिक ड्रॉइंगमध्ये हॅच भरला आणि काळा ठोकळाच उमटला, तर दोष बहुधा हॅचचा नसतो, टेम्पलेट चुकलेले असते.

‘युनिट्स’ ही आज्ञा मापे लिहिण्याची पद्धत ठरवते. आर्किटेक्चरल पद्धतीत एक एकक म्हणजे एक इंच. ४० फुटांची भिंत काढायची म्हणून नुसते ४० टाइप केले, तर ३ फूट ४ इंचांचा तुकडा पडतो. आकड्यानंतर फुटाची खूण (') द्यावीच लागते. आपल्याकडे जागा फुटांत बोलली जाते आणि नकाशा बऱ्याचदा मीटरमध्ये लागतो, त्यामुळे हा घोळ नवशिक्यांच्या वाट्याला हमखास येतो.

‘लिमिट्स’ने कामाचे आवार आखतात. ३० × ४० फुटांचा प्लॉट मिलिमीटरमध्ये ९,१४४ × १२,१९२ होतो, तेव्हा वरचा उजवा कोपरा १५०००,१५००० दिला की भोवती मोकळी जागा राहते. मात्र मर्यादा दिल्याने पडद्यावर काहीच हलत नाही. त्यासाठी ‘झूम’ आणि मग ‘ऑल’ द्यावे लागते. ही पायरी विसरलेला विद्यार्थी ‘रेषा दिसतच नाही’ म्हणून तीच रेषा पुन्हा मारतो. रेषा सरळ आडवी-उभी ठेवणारा ऑर्थो (एफ८) आणि रेषेचे टोक, मध्य असे बिंदू अचूक पकडणारा ऑब्जेक्ट स्नॅप (एफ३) सुरुवातीपासून हाताशी ठेवावेत. पडद्यावरच्या चौकटींच्या जाळीवाचून, म्हणजे ग्रिडवाचून (एफ७) फारसे अडत नाही.

भिंती, दारे-खिडक्या, मापे आणि मजकूर यांना वेगवेगळे लेयर देतात. रंग आणि रेषेची जाडी लेयरवरूनच ठरू द्यावी, एकेका रेषेला वेगळी देऊ नये. ‘शून्य’ लेयर ब्लॉक (दार-खिडकीसारखे पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चित्र) बनवण्यासाठी राखतात, कारण त्यावर काढलेला ब्लॉक ज्या लेयरवर बसवला जाईल त्याचे गुण घेतो. पहिले माप दिल्यावर ‘डेफपॉइंट्स’ नावाचा लेयर आपोआप तयार होतो. तो छापला जात नाही. पडद्यावर ठळक दिसणारी भिंत प्रिंटमध्ये गायब झाली, तर आधी तिचा लेयर तपासावा.

अक्षरांचे गणित मात्र कागदावरून सुरू होते. छापील अक्षर २.५ मिमी हवे आणि प्रमाण १:५० असेल, तर मॉडेल स्पेसमध्ये त्याची उंची १२५ मिमी ठेवावी लागते. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या ॲनोटेटिव्ह (प्रमाणानुसार अक्षरांचा आकार बदलणाऱ्या) सोयीने हा गुणाकार ऑटोकॅडच करते. तरी तो एकदा हाताने करून पाहिलेला बरा.

इतकी तयारी डीडब्ल्यूटी (टेम्पलेटची) फाइल म्हणून जतन केली की पुढच्या प्रत्येक कामाला तेच टेम्पलेट वापरता येते.

छपाई लेआउटमधून, म्हणजे कागदाची मांडणी दाखवणाऱ्या पानावरून करतात. तिथे कागद खऱ्या मापाचा असतो आणि व्ह्यूपोर्ट नावाच्या चौकटीतून मॉडेल दिसते. वरचा प्लॉट १:५० ला सुमारे १८३ × २४४ मिमी भरतो, म्हणजे ए-३ वर शीर्षकपट्टीला (कामाचे नाव, प्रमाण वगैरे लिहिण्याची पट्टी) पुरेशी जागा उरते. प्रमाण दिल्याबरोबर व्ह्यूपोर्ट लॉक करतात, नाहीतर चौकटीच्या आत माउसचे चाक फिरले की प्रमाण बदलते आणि शीर्षकपट्टीत मात्र १:५० तसेच राहते.