शॉर्ट पेप्टाइड (म्हातारपण आणि जीन्स)

शॉर्ट पेप्टाइड म्हणजे दोन, तीन किंवा चार अमिनो आम्लं एकाला एक जोडून झालेली अगदी तोकडी साखळी. प्रोटीनमध्ये असे मणी शेकड्यांनी असतात, इन्सुलिनसारख्या छोट्या हार्मोनमध्येसुद्धा ५१ आहेत, म्हणजे चार मण्यांचं पेप्टाइड हा माळेतून तुटून पडलेला तुकडाच म्हणायचा. दावा मात्र मोठाय: हे तुकडे पेशीच्या केंद्रकात शिरतात, डीएनएला चिकटतात आणि वय झालेल्या अवयवात मंदावलेली जीन्स (जनुकं) परत चालू करतात. कोकणात हा शब्द आत्ता आत्ता कानावर यायला लागलाय, कधी गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या बॅगेतल्या गोळ्यांच्या डबीवर तर कधी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होऊन, आणि त्यात "अवयव तरुण होतात" यापलीकडे फारसं काही नसतं.

जीन चालू-बंद होणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजावणं सोपंय. गावातली निम्मी घरं वर्षभर बंद, गणपतीत कुलपं निघतात, दिवे लागतात. पेशीचंही तसंच, डीएनए सगळ्या पेशींत तोच, पण लिव्हरच्या पेशीत वेगळी घरं उघडी आणि मेंदूच्या पेशीत वेगळी. बंद भागात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, शिवाय त्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक गटाचे छोटे शिक्के बसतात. वय वाढतं तसे हे शिक्के जागा बदलतात, काही कामाची जीन्स थंडावतात आणि काही नको ती उघडी पडतात. शॉर्ट पेप्टाइड ही त्या कुलपाची चावी आहे असं या कल्पनेचं म्हणणं.

कल्पना रशियातली. १९७० च्या दशकात लेनिनग्राडच्या (आताचं सेंट पीटर्सबर्ग) लष्करी वैद्यकीय अकादमीत व्लादिमीर खाविन्सन आणि व्याचेस्लाव मोरोझोव्ह यांनी वासरांच्या थायमस ग्रंथीतून थायमलिन आणि जनावरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून एपिथालामिन असे अर्क काढले (म्हणजे मूळ माल गुराढोरांचा, हे डबी विकणारा आपल्याकडे कधी सांगणार नाही). पुढे अर्कांऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली पेप्टाइडं आली. सगळ्यात गाजलेलं एपिटालॉन: अलानिन, ग्लुटामिक आम्ल, अस्पार्टिक आम्ल आणि ग्लायसिन, बस्स चार मणी. विलॉनमध्ये तर दोनच, लायसिन आणि ग्लुटामिक आम्ल. १९९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला खाविन्सननी यासाठी स्वतंत्र संस्था काढली, २०२४ मध्ये ते वारले. २००३ मध्ये या गटाने छापलं की एपिटालॉनने माणसाच्या पेशींत टेलोमरेज हे एन्झाइम जागं होतं आणि टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांची दर विभाजनाला झिजणारी टोकं, लांबतात. त्याच वर्षी २६६ वयस्क माणसांवर ६ ते ८ वर्षं ठेवलेल्या निरीक्षणाचा पेपर आला, त्यात मूळ अर्क दिलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले असं म्हटलंय. ऐकायला जबरदस्त, पण हा बहुतेक पुरावा एकाच घरातून आलेलाय आणि त्याच घराचा मालही विकला जातो, आणि बाहेरच्या स्वतंत्र लॅबनी मोठ्या चाचण्या करून तो पक्का केलेला नाही.

माझी खरी अडचण इथून पुढे सुरू होते. एपिटालॉन टेलोमरेजच्या जीनपाशी डीएनएच्या पाच-सहा अक्षरांच्या तुकड्याला चिकटतं असं त्यांचं मॉडेल सांगतं. आता हिशोब करून बघा, डीएनएची अक्षरं चारच (ए, टी, जी, सी), म्हणजे पाच अक्षरांचा कुठलाही ठराविक तुकडा सरासरी १०२४ अक्षरांमागे एकदा आपोआप सापडणार, आणि माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ३०० कोटी अक्षरांहून मोठा, म्हणजे तोच पत्ता जवळजवळ ३० लाख ठिकाणी. एवढ्या दारांना बसणारी चावी नेमकं हवं तेच दार कसं उघडते? शरीराची नेहमीची जीन चालवणारी प्रोटीनं म्हणूनच मोठी असतात, पी५३ नावाच्या प्रोटीनमध्ये ३९३ मणी आहेत, आणि तरी ती एकटी काम करत नाहीत, पी५३ चे तर चार रेणू एकत्र येऊन डीएनएला धरतात. चार मण्यांचं पेप्टाइड काहीच करत नसेल असं नाही, पण "अमुक अवयवासाठी अमुक पेप्टाइड" हे वाटून दिल्यासारखं जे सांगतात त्यावर माझा विश्वास बसत नाही.

रशियाबाहेरही कामं झालीत. १९७३ मध्ये अमेरिकेत लॉरेन पिकार्टना रक्तात जीएचके सापडलं, ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन, तीन मणी, तांब्याला घट्ट धरून ठेवणारं. विशीत ते रक्तात मिलीलीटरला सुमारे २०० नॅनोग्रॅम असतं, साठीत ८० वर येतं. जखम भरण्यावर आणि त्वचेवर त्याचे परिणाम दिसलेत, क्रीममध्ये ते सर्रास असतं. थोडं लांबचं पण जास्त पटणारं उदाहरण म्हणजे एमओटीएस-सी, १६ मण्यांचं, मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, स्वतःच्या डीएनएतून बनतं. २०१५ मध्ये ते जगापुढे आलं, आणि नंतर दिसलं की पेशीवर ताण आला की ते केंद्रकात जाऊन तिथली जीन्स हलवतं. म्हणजे छोटं पेप्टाइड जीन्सना हात लावू शकतं ही गोष्ट अगदीच थाप नाही.

गोळी गिळण्याचा प्रश्न उरतोच. पोटात गेलेलं प्रोटीन तुटतं, म्हणून तर इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. आतड्याच्या भिंतीत पेप्ट-१ नावाचं एक वाहक असतं, ते दोन-तीन मण्यांचे तुकडे अख्खे आत ओढून घेतं, चौथा मणी असला की जमत नाही. आता असे दोन-तीन मण्यांचे तुकडे तर सुकट-बोंबील जेवलं की पोटात हजारोंनी होतातच! आमच्या शेजारच्या आजीने डबी हातात घेऊन विचारलं होतं, "ह्या खाल्लंय तर माजे गुडघे बरे होतले काय रे?" नातवाला उत्तर देता आलं नाही, मग तिने ती डबी फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.

या पेप्टाइडांच्या इंजेक्शनच्या बाटल्यांचं प्रकरण जास्त काळजीचं. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असतं, म्हणजे माणसाला टोचण्यासाठी त्या विकलेल्याच नाहीत, आतल्या पावडरची शुद्धता कुणी तपासलीय तेही कळत नाही. टेलोमरेज वाढवणं हे तर दुधारी, कारण बहुतेक कॅन्सरच्या पेशी तेच एन्झाइम चालू करून अमर झालेल्या असतात. आणि पावडर एकदा पाण्यात कालवली की ती फ्रिजमध्ये लागते, तर जुलैत आमच्याकडे एक झाड तारेवर पडलं की दोन दोन दिवस लाईट नसते.