राणीचे केस का गळले?

मावसबहिणीला बाळंत होऊन तीन महिने झाले आणि न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायला लागले. मावशीचं निदान तयार होतं, "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळायचेच." मला मात्र फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आठवली.

1770च्या दशकात व्हर्सायच्या दरबारी बायका डोक्यावर अक्षरशः मनोरे वागवत. घोड्याच्या केसांची किंवा लोकरीची उशी ठेवायची, तिच्यावरून आपले केस ओढून घ्यायचे, कमी पडतील तिथे गंगावन, मग जनावराच्या चरबीचं सुगंधी मलम आणि वर गव्हाच्या सत्त्वाची पूड. (हो, कुरडयांचं तेच सत्त्व!) 1774 साली राणीचा नवरा, राजा सोळावा लुई, याने देवी टोचून घेतल्या, तर त्याचीही केशरचना निघाली: वैद्यकदेवतेचा साप, उगवता सूर्य, ऑलिव्हचं झाड. एडवर्ड जेन्नरची देवीवरची लस यायला तेव्हा अजून 22 वर्षं होती, म्हणजे टोचला तो खऱ्या देवीचाच अंश.

22 ऑक्टोबर 1781 रोजी राजपुत्र जन्मला आणि राणीचे केस विरळ झाले. केशभूषाकार लेओनारने ते आखूड कापून टाकले.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग त्याचा केशकोष (कातडीतली केस उगवायची पिशवी) थांबतो, केस सुमारे तीन महिने नुसता अडकून राहतो आणि गळतो. एरवी दहा टक्के केस असे थांबलेले असतात. म्हणजे दहा हजार केस, शंभर दिवसांत, रोजचे शंभर. एवढे तुमचे-माझेही जातात. प्रत्येक केसाची पाळी वेगळी असल्यामुळे टक्कल पडत नाही.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि थांबायला आलेले केसही वाढतच राहतात. म्हणून त्या महिन्यांत केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि रेंगाळलेले सगळे केस एकदम थांबतात. थांबलेल्यांचं प्रमाण दहावरून तीस टक्क्यांवर गेलं, तर त्याच हिशोबाने रोजचे तीनशे. गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला पांढरा बारीक गोळा दिसतो. लोक त्याला मूळ समजून घाबरतात, पण ते नुसतं केसाचं सुकलेलं बूड असतं. केशकोष कातडीतच शाबूत असतो आणि नव्या केसाच्या तयारीला लागलेला असतो.

थांबल्यापासून गळेपर्यंत तीन महिने, आणि बाळ आईला ओळखून खुदकन हसायलाही साधारण तेवढाच वेळ. मावशीचं निरीक्षण पक्कं होतं, चुकलं ते फक्त कारण. बहिणीने मात्र मोबाइलवरची जाहिरात पाहून महागडं तेल मागवलंच. सहा महिन्यांनी केस आपसूक भरून येतील आणि श्रेय बाटलीला जाईल.

राणीचे आखूड केस दरबारात लगेच गाजले. "लहान मुलासारखी" म्हणून ती रचना ओळखली जाऊ लागली आणि जिचा एकही केस गळला नव्हता तिनेही कात्री लावून घेतली. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतो. उशीवरून ओढायला दोन फूट केस हवेत, तर 1782च्या सुरुवातीला उगवलेल्या केसाला 1786 उजाडणार. तोवर फॅशन उंची सोडून रुंदीला लागली होती.