सामूहिक वनहक्काचा दावा: नमुना ‘क’ भरण्याआधी

वनविभाग आणि गाव मिळून चालवतात त्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं काम चांगलं की वाईट, हे रोपं मोजून साहेब ठरवतात. गावाच्या हाती खरंच काही आलं का, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: जंगलातला माल बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक कुणाच्या कपाटात आहे? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं आपलं जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. पण बांबूच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला.

हा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यातला. दावा नमुना ‘क’ या अर्जावर करायचा; तो एका माणसाचा नसतो, गावाचा असतो. म्हणून प्रत्येकाचे जातीचे दाखले गोळा करत बसू नका. सभासदांची यादी जोडून नावापुढे ‘अनुसूचित जमाती’ किंवा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ एवढं लिहायचं. त्यांतले थोडे जण असले तरी दावा चालतो, हे खुद्द नमुन्यातच लिहिलंय.

आधी ग्रामसभा. निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. तिथंच १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडा.

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-चराईच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, गॅझेटियर, वनविभागाचा कार्य आराखडा चालतो. देवराई, मसणवट, जुनी विहीरही चालते. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा तर सगळ्यात हाताशी असलेला पुरावा. मोहफुलं कुठवर वेचायचो, गुरं कोणत्या नाल्यापर्यंत जायची, हे नावानिशी लिहून घ्या, खाली अंगठा घ्या. उपग्रहाचा नकाशा जोडला तर उत्तम, पण तो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

खरी अडचण शिवेवर येते. शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीसोबत बसून हद्द ठरवा. नाहीच जमलं तर विषय प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे जातो. स्थळपाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल दोघांना द्या, पोच घ्या, आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या तिथल्या तिथं घ्या. ‘नंतर करतो’ म्हटलेली सही पुढं सहा महिने सापडत नाही.

मग ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवस.

पट्टा, म्हणजे हक्काचा लेखी दाखला, हातात आल्यावर ग्रामसभेनं जंगलाची व्यवस्थापन समिती नेमायची आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक मागणारं पत्र वनविभागाला त्याच आठवड्यात द्यायचं.