टी-शर्टवरचा आकडा

ऑफिसात ‘फिटनेस महिना’ करायचं ठरलं आणि त्याच्या समितीत माझं नाव घातलं गेलं. का, ते विचारू नका. त्या दिवशी मी रजेवर होते. पहिली बैठक सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तोवर आमचे एक वरिष्ठ उठले, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि फळ्यावर भलामोठा आकडा लिहिला : १०,०००. “पावलं. रोज. प्रत्येकानं.” पुढचा अर्धा तास पावलं मोबाइलवर मोजायची की घड्याळावर आणि टी-शर्ट निळे की केशरी, यात गेला. मध्ये एकदा मी म्हणाले, “पण सर, दहा हजार हा आकडा खरं तर...” “हो हो, सुरुवातीला जड जाईलच,” असं म्हणून त्यांनी माझं वाक्य परस्पर पुरं करून टाकलं. सगळे हसले. मीही हसले.

मला सांगायचं होतं ते असं. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. खेळ आणि व्यायामाचं वारं अंगात असतानाच, १९६५मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मोजणारं. आकडा गोल, लक्षात राहणारा, आणि तो खोक्यावरून थेट लोकांच्या डोक्यात गेला. तेवढीच पावलं का, नऊ किंवा अकरा हजार का नाहीत, याचा तपास त्याआधी कुणी केलेला नव्हता.

तपास पुष्कळ उशिरा झाला. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये जवळपास १७ हजार स्त्रियांच्या चालण्याची नोंद प्रसिद्ध केली. या स्त्रियांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांशी तुलना केली, तर ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढली तसं ते आणखी घटत गेलं आणि ७,५०० च्या आसपास सपाट झालं. इथे एक खोच आहे : जो मुळात आजारी असतो तो कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. शिवाय हे वयस्क स्त्रियांचे आकडे, विशीतल्या पोराला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण एवढं दिसतं की दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं आणखी दीड-दोन हजार पावलं टाकली तरी मोलाची आहेत. अशा माणसासमोर थेट दहा हजारांचा फलक लावला, तर तो चौथ्या दिवशी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकतो, असं माझं मत. आमच्या ऑफिसात तिसऱ्याच दिवशी टाकलं.

त्याला कारण उद्घाटन. त्या सकाळी लिफ्ट बंद ठेवून सगळ्यांनी चौदाव्या मजल्यावरून जिन्यानं खाली यायचं, असा बेत होता. चढायचं नसल्यामुळे सगळे खूश. गप्पा मारत, फोटो काढत आम्ही उतरलो, कुणाला धापसुद्धा लागली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ऑफिसचं रुग्णालय झालं. खुर्चीत बसताना शेवटची चार बोटं माणसं धपकन पडत होती. एक जण तर कठडा धरून जिना उलटा उतरताना सापडला, पाठ खाली आणि तोंड वर. मांडीला हात लावला की “आई गं!”

सरांकडे निदान तयार होतं. “लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय. भरपूर पाणी प्या, स्ट्रेचिंग करा.” हे वाक्य मी शाळेच्या मैदानावर ऐकलंय, जिममध्ये ऐकलंय, आणि दुसऱ्यांना ऐकवलंयही. ते चूक आहे. दमछाक होणारा व्यायाम केला की रक्तातलं लॅक्टेट (म्हणजे हेच अ‍ॅसिड, शरीरात असतं त्या रूपात) वाढतं खरं, पण थांबल्यावर तासाभरात ते जवळजवळ पूर्वपदावर येतं. आमच्या मांड्या दुखायला लागल्या त्या दुसऱ्या दिवशी. त्या वेळी साचून राहिलेलं काही उरलेलंच नव्हतं. आणि लॅक्टेट म्हणजे कचराही नाही. हृदयाचा स्नायू ते इंधन म्हणून मजेत वापरतो.

मग दुखतं ते काय? जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर उचलतो. उतरताना त्याच्यावर ताण असतो तोच, पण तो ताण सोसत त्याला लांब व्हावं लागतं, ब्रेक लावत उतारावरून गाडी न्यावी तसं. दम लागत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण असं ताणाखाली लांबताना स्नायूच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म इजा होतात, मग तिथे डागडुजी सुरू होते, सूज येते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. १९८३ साली काही शास्त्रज्ञांनी माणसांना सपाटीवर आणि उतारावर पळवून पाहिलं. सपाटीवर पळणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढलं, पण त्यांचे पाय मागाहून दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट फारसं वाढलं नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले.

स्ट्रेचिंगचं म्हणाल, तर त्यावरचे प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर दुखण्यातला फरक शंभरात एखाद्या गुणाचा निघाला. करायचं तर करा, बरं वाटतं. दिलाशाची गोष्ट वेगळीच आहे : असं एकदा दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम तितका दुखत नाही. स्नायू धडा लवकर शिकतो.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र तारखांचा. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यामुळे असावं. पाच वर्षांनी, १९०७मध्ये, इंग्लंडात फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायाच्या स्नायूत, प्राणवायू नसताना, लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं हे दाखवलं. प्रयोग उत्तम होता. त्याच धाग्यावर पुढे काम करणारे हिल आणि मायरहोफ १९२२ च्या नोबेलचे मानकरी ठरले. यांच्यापैकी कुणी आमच्या मांड्यांबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. पण ‘स्नायू थकला, अ‍ॅसिड साचलं’ हे चित्र इतकं झकास होतं की लोकांनी ते दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही चिकटवून टाकलं. हफ यांचं म्हणणं आधीचं, आणि बरंचसं बरोबर. ते मैदानापर्यंत पोचलंच नाही.

म्हणजे बैठकीत माझं जे झालं, ते त्यांचंही झालं होतं. हे लक्षात आल्यावर मी सरांवर रागवायचं सोडलं आणि मामला नेमका काय आहे ते वाचायला घेतलं.

कॅमेरन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना गणितं घातली आणि चित्रीकरण केलं. ठासून बोलणाऱ्यांना गटातल्या सोबत्यांनी आणि बाहेरून पाहणाऱ्यांनीही जास्त हुशार ठरवलं. त्यांचे गणिताचे गुण तपासले तर ते इतरांपेक्षा सरस नव्हते. ते फक्त लवकर आणि पुष्कळ बोलले होते. आणि गटानं शेवटी दिलेलं उत्तर ९४ टक्के वेळा कुठलं होतं? कुणीतरी सर्वांत आधी जे उच्चारलं तेच. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मार्करचं टोपण आलं.

दुसरी गंमत पुनरुक्तीची. एखादं विधान आपण पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. २००७ च्या एका अभ्यासात तर असं निघालं की एकाच माणसानं एक मत तीनदा मांडलं, तर ऐकणाऱ्याला ‘हे बऱ्याच जणांचं मत दिसतंय’ असं वाटतं. तीन वेगवेगळ्या माणसांनी मांडल्यावर जेवढं वाटेल त्याच्या जवळजवळ ९० टक्के. कान आवाज ओळखतो, पण माणसं मोजत नाही. ‘घाम जितका जास्त तितकी चरबी कमी’ हे असंच टिकून आहे. प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळणाऱ्याचं वजन घटतं ते पाण्याचं, आणि दोन पेले प्यायल्यावर परत येतं. पण जिममध्ये एक जण हे रोज म्हणतो, आणि आपण रोज जिममध्ये जातो.

तर, दुसरी बैठक. या वेळी विषय पोटाचा. सरांच्या मनात ‘रोज शंभर क्रंचेस, महिन्यात पोट सपाट’ अशी स्पर्धा आहे, ही कुणकुण मला आधीच लागली होती. बैठकीच्या आदल्या दिवशी मी अकाउंट्समधल्या मैत्रिणीला गाठलं. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या, सारख्या लांबीची रेघ ओळखायच्या प्रयोगात, सगळे मिळून धडधडीत चुकीचं उत्तर देत असताना एकट्या पडलेल्या माणसानंही जवळजवळ तिसरा हिस्सा वेळा चुकीचंच उत्तर दिलं होतं. पण खोलीत एकच जण बरोबर बोलणारा निघाला, की त्या चुका एक चतुर्थांशावर येत. मला तो एक जण हवा होता. ती म्हणाली, “मला पटलं तरच बोलेन हं.” म्हटलं, तेच हवंय.

दुसरं म्हणजे मी अर्धं पान लिहून सगळ्यांना रात्रीच पाठवलं. फळ्यापाशी पोचण्याच्या शर्यतीत मी कधीच जिंकणार नाही. शर्यत आदल्या रात्री लावली तर निदान बरोबरी होते. आणि पानावर पहिलं वाक्य विधान नव्हतं, प्रश्न होता : वर्षानुवर्षं एकाच हातानं टेनिस खेळणाऱ्याच्या त्या हातावरची चरबी दुसऱ्या हातापेक्षा कमी असते का?

नसते. हे १९७१मध्ये खेळाडूंच्या दोन्ही हातांवर मोजमाप घेऊन तपासलं गेलं. खेळणारा हात जाड असतो तो स्नायूंमुळे; कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच. १९८४ च्या एका प्रयोगात तर माणसांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स करवून घेतले आणि पोट, पाठ, नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी काढून पाहिल्या. पेशी लहान झाल्या होत्या, पण तिन्हीकडे सारख्याच; पोटाला खास सवलत मिळाली नव्हती. कारण स्नायू शेजारच्या चरबीचा लचका तोडत नाही. संप्रेरकांच्या इशाऱ्यावर शरीरभरातली चरबी विरघळून रक्तात उतरते आणि स्नायू रक्तातून इंधन उचलतो. आणि ती जाते कुठे? २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेब मांडला : १० किलो चरबी पूर्ण जळली तर तिच्यातलं ८.४ किलो वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडतं आणि १.६ किलो पाण्याच्या. म्हणजे उतरलेलं वजन मुख्यतः आपल्या नाकातोंडातून बाहेर जातं.

बैठकीत हा नाकातोंडाचा मुद्दा निघाला आणि सरच हसायला लागले. “म्हणजे मी बोलतो तेव्हा बारीक होतो म्हणायचं!” मैत्रीण शांतपणे म्हणाली, “थोडे होता. पण शंभर क्रंचेसनी त्याहून फार होणार नाही, हे मला पटतंय.” मग मी माझी सूचना केली : स्पर्धा रद्द, त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या आताच्या रोजच्या पावलांत दोन हजार वाढवायची. कुणीतरी पुन्हा दहा हजारांचा विषय काढला. मी तेच, त्याच शब्दांत, आवाज न चढवता पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही.

ठराव झाला. इतिवृत्तात तो सरांच्या सूचनेवरून मंजूर झाल्याची नोंद आहे. उतरताना सरांनी लिफ्टचं बटण दाबलं आणि म्हणाले, “तुम्ही हे पहिल्याच बैठकीत का नाही सांगितलंत?” मी काही बोलले नाही. टी-शर्ट पुढच्या सोमवारी आले, केशरी रंगाचे. छातीवर ठळक अक्षरात छापलं होतं : १०,०००. ऑर्डर आधीच गेली होती.